तीन वर्षांचे रविवार

२ हा अंक ६७ वेळा मांडून त्यांचा गुणाकार केला आणि त्यातून १ वजा केला, की १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही एकवीस आकडी संख्या मिळते. तिला १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेच भाग जात नाही, असे फ्रेंच धर्मगुरू मेर्सेन यांनी १६४४ मध्ये सांगितले. १८७६ मध्ये ल्युका यांनी ते चूक ठरवले. पण भाग कशाने जातो, हे त्यांनाही सांगता आले नाही.

ऑक्टोबर १९०३. न्यूयॉर्कमध्ये गणितज्ञांची सभा भरली होती. फ्रँक नेल्सन कोल फळ्याजवळ गेले. एकीकडे त्यांनी ही संख्या काढली, दुसरीकडे १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ ने गुणले. उत्तरे तंतोतंत जुळली. एक शब्दही न बोलता ते जागेवर जाऊन बसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, असे सांगतात.

हे शोधायला त्यांना तीन वर्षांचे रविवार लागले, अशी आख्यायिका आहे. आज संगणक हेच काम क्षणात करतो. कोल यांच्या हाती मात्र कागद, पेन्सिल आणि एकच खात्री होती : भाग जातो. तेवढ्यावर ते रविवारमागून रविवार बसून राहिले.