गोट्याची कात

आपल्याकडे रानातला साप घरी ठेवणे १९७२च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. विलायतेत कॉर्न स्नेकला तशी आडकाठी नाही. म्हणून लेस्टरला बहिणीच्या दिवाणखान्यात हा मूळचा अमेरिकेतला बिनविषारी प्राणी काचेच्या पेटीत नांदतो. नाव त्याचे गोट्या!

मी गेलो तेव्हा त्याच्या डोळ्यांवर निळसर साय आली होती. काही दिवसांनी ती निवळली आणि कात सुटू लागली. पण हिटरने हवा कोरडी, तेव्हा एकसंध उतरायची ती तुकड्यातुकड्यांनी निघाली. शेपटीला एक कडे तसेच राहिले. ते आवळले की रक्त अडते, टोक वाळून गळते. माझे हात शिवशिवू लागले.

“मामा, ओढू नकोस हं! खालची कोवळी कातडी सोलून निघेल,” दहा वर्षांची भाची कडाडली. वर्गात मीसुद्धा इतका कडाडत नाही. तिने गोट्याला कोमट पाण्यात ठेवले, मग ओल्या पंच्याच्या घडीतून सरपटू दिले. तिसऱ्या खेपेस कडे पंच्यालाच चिकटून राहिले.

मी हुश्श केले; तिने माझा चष्मा मागितला. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, आणि तोही कातीबरोबर उतरावा लागतो. एक चकती लगेच सापडली. दुसरी सापडेपर्यंत चहा पार निवून गेला.