मागे राहिलेलीचे व्रत

रणात गेलेल्याचा पोवाडा होतो, उंबऱ्याच्या आत राहिलेलीचा होत नाही. आमच्या सातारा जिल्ह्यात अशी घरे पुष्कळ. अपशिंग्याला तर लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ तिथे उभा आहे. पण त्यांच्यामागे किती जात्यांवरच्या ओव्या मुक्या झाल्या, हे कोणत्याही दगडावर कोरलेले नाही.

१९७१ चे युद्ध ३ डिसेंबरला पेटले आणि १६ तारखेला ढाक्यात शत्रूने शस्त्रे खाली ठेवली. मार्गशीर्षाचा वद्य पक्ष होता तो. मी तेव्हा ऐन विशीतला, गुरूंच्या मागे टाळ धरून गावोगाव फिरणारा. एका गावी रजेवर आलेल्या जवानांना परत बोलावणाऱ्या तारा आल्या होत्या. त्यांतल्या एकाची बायको जेमतेम एकोणीस-वीस वर्षांची. पदरात तान्हे मूल, घरात दमेकरी सासरा. नवरा एस.टी.त बसला आणि ती तशीच म्हशीच्या धारेला गेली, असे गावकरी सांगत. धारेची वेळ युद्धासाठी थांबत नाही, माउली.

त्या पक्षातल्या एकादशीला आम्ही तिथे होतो. दुपारी ती आंतरदेशीय पत्र लिहून घ्यायला माझ्याकडे आली. पत्त्यात गाव नाही. नाव, नंबर, पलटण आणि ‘५६ एपीओ’ एवढेच.

“लिवा बुवा, शाळू पोटरीला आलाय. म्हस याली, रेडी झाली. मामांचा खोकला कमी हाय.”

मी विचारले, “तुमच्या जिवाचं काही लिहू का?”

“नगं. त्यास्नी तितं घर दिसाया पायजे.”

ज्ञानोबारायांच्या विरहिणी मी पाठ केल्या होत्या. पण विरहात स्वतःला बाजूला ठेवून समोरच्याचाच विचार कसा करावा, हे त्या पत्राने शिकवले. आपल्या वारीत जाणे आहे आणि येणेही आहे. तिच्या वाट्याला नुसते पाठवणे आले होते. येणे तिच्या हाती नव्हते. हाती होता तो रोजचा नेम, आणि तो तिने मोडला नाही.

रात्री गुरूंनी जनाबाईंचे दळण सांगितले. शेवटी एवढेच म्हणाले, “देव दळू लागतो, मग भक्ताने बसून का राहावे?” द्वादशीला पारणे सोडून टाळकरी तिच्या विहिरीवर गेले. दोघांनी मोट हाकली, बाकीच्यांनी गव्हाची दारी धरली.

पुढे तिचा धनी परत आला. शेजारच्या गावातल्या एकीचा आला नाही. तिचाही नेम तेवढाच कडक होता. देवाने हिचे ऐकले आणि तिचे ऐकले नाही, असा हिशेब जो मांडेल त्याने गळ्यातली वीणा उतरवून ठेवावी. नाम हे सौद्याचे नाणे नव्हे. ते दोघींनाही उद्याची चूल पेटवण्याचे बळ देते, एवढे मी पाहिले आहे.

आज एपीओच्या पत्राच्या जागी फोन आला. पण सीमेवर गडबड झाली की तोही मुका होतो. तुमच्या आळीत अशी एखादी लेक असेल. तिला वीरपत्नी म्हणून हार घालण्याची घाई करू नका. तिच्या दाराशी जा आणि विचारा, “बाई, आज कोणतं काम अडलंय?” मग ते काम करा. विठोबा हे तुमच्या नामातच धरील.

पांडुरंग हरि!