ओटीपी सांगण्याआधी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या एका मावशींना घेऊन मी एका मोठ्या दवाखान्यात गेलो. महिनाभराचा खोकला, वजन उतरलेले. केसपेपरच्या खिडकीवर आधार कार्ड मागितले आणि मुलगा म्हणाला, "ओटीपी सांगा." आधारला नंबर मावशींच्या मुलाचा. त्याला फोन लावून आकडे विचारले. मावशी मला म्हणाल्या, "भाऊ, हा नंबर कशाचा?"

मी म्हणालो, "सांगून टाका मावशी, मागे रांग लागलीय."

वाचक बंधु-भगिनींनो, मी कारकून माणूस. बावीस वर्षे लोकांना "वाचून सही करा" म्हणत आलो. आणि त्या दिवशी मीच न वाचता मावशींची संमती देऊन टाकली.

निदान टीबीचे निघाले. रिपोर्ट मुलाच्या मोबाईलवर दिसू लागला. मोबाईल घरात सगळेच हाताळतात. आठ दिवसांत गोष्ट वस्तीभर झाली आणि धुण्याभांड्याची दोन कामे सुटली. टीबी औषधाने बरा होतो; पण गेलेली कामे परत मिळाली नाहीत.

नंतर मी माहिती काढली. तो चौदा आकडी नंबर म्हणजे 'आभा', आपले आरोग्य खाते. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले, त्यातला हा भाग. खाते काढणे ऐच्छिक आहे, नको असल्यास बंदही करता येते. कागद ज्या त्या दवाखान्यातच राहतात आणि रुग्णाच्या संमतीनेच दुसरीकडे जातात, अशी त्याची रचना. सोय खोटी नाही. पावसात भिजलेल्या पिशवीतून जुने एक्स-रे शोधणाऱ्यांना ती हवीच. खिडकीवर मात्र यातले एक अक्षर कोणी सांगितले नाही.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तर संमतीची सूचना मराठीतही मागता येईल अशी तरतूद आहे. नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि या कलमांना त्यात अठरा महिन्यांची मुदत दिली. आपल्या माणसाच्या वाट्याला मुदत नेहमी लांबच येते, असो.

दुसरी अडचण रिचार्जची. हातात पैसे नसले की सिम बंद पडते आणि काही महिन्यांनी तोच नंबर परक्या माणसाला मिळू शकतो. ज्यांनी ही व्यवस्था आखली त्यांच्या घरी बहुधा माणशी एक फोन असावा. शिवाय यंत्रही बंद पडते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तिथे कित्येक दिवस हातानेच नोंदी कराव्या लागल्या. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, कागदाची फाईल फेकू नका.

मावशींनी आता स्वतःच्या नावावर सिम घेतले आणि आधारचा नंबर बदलून घेतला. परवा तपासणीला गेलो, तेव्हा खिडकीवर पुन्हा ओटीपी मागितला. मावशींनी मोबाईल पदराआड धरला आणि विचारले, "कशासाठी, ते आधी सांग बाळा." मुलगा गडबडला. मागची रांग कुरकुरली. मी या वेळी गप्प उभा राहिलो.