आधी भिंत सांगा

आमचं ड्रिल मशीन माळ्यावर कधीच गेलं नाही. ते स्वयंपाकघरालगतच्या कपाटात इस्त्रीच्या खालच्या कप्प्यात असतं, कारण पंधरा दिवसांतून एकदा तरी इमारतीतलं कुणीतरी दारात उभं राहून विचारतं, "काकू, मशीन मोकळं आहे का?" दोन किलोच्या आतबाहेर वजन. अंगाचा निळा रंग कोपऱ्यांवर पांढुरका पडलाय. मुठीवर जिथे बोटं बसतात तिथलं प्लास्टिक दगडी पाट्याच्या मध्यासारखं गुळगुळीत झालंय. वायरीला सुतळीनं, बिट धरणाऱ्या चकची चावी बांधलेली आहे. ती सोडवायची नाही, हा या घरातला नियम आहे. चावी हरवली तर चक आवळता येत नाही आणि मशीन असून नसल्यासारखं.

ते आणलं त्याला बारा वर्षं झाली. पडद्याचा एक रॉड लावायला माणूस येईल येईल म्हणून आठ दिवस वाट पाहिली आणि नवव्या दिवशी मी रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. दुकानात लहानमोठी वीस-पंचवीस मशीनं मांडलेली. मी कंपनी, वॉट, गॅरंटी असं विचारायला लागले तर काउंटरमागचे वयस्कर गृहस्थ म्हणाले, "ताई, मशीन नंतर बघू. आधी भिंत सांगा."

मला फक्त भिंतीचा रंग सांगता आला. अठरा वर्षं ज्या घरात राहत होते त्या घराच्या भिंती कशाच्या आहेत हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी इमारत कधीची ते विचारलं. मी १९९४ म्हटलं. "म्हणजे विटांची. खांब आणि तुळया काँक्रीटच्या. मग १३ एमएमचं, ६०० वॉटचं, हॅमरवालं घ्या. स्पीड बोटानं कमीजास्त होणारं आणि उलटं फिरणारं." एवढं बोलून त्यांनी हे निळं मशीन माझ्यापुढे ठेवलं. यापेक्षा चांगला सल्ला मला आजवर कुणी दिलेला नाही आणि मीही विचारणाऱ्या प्रत्येकाला तोच देते. हत्यार किमतीवरून निवडायचं नसतं, आपल्या भिंतीवरून निवडायचं असतं.

याचं कारण मशीनच्या पोटात आहे. आत दोन दातेरी चकत्या समोरासमोर बसवलेल्या असतात. हॅमरची कळ फिरवून आपण मशीन भिंतीवर दाबलं की दात्यांवरून दाते घसरतात आणि प्रत्येक घसरणीला बिट पुढे आदळतं. आमच्या मशीनच्या पट्टीवर मिनिटाला २,८०० फेरे आणि ४४,८०० ठोके असं लिहिलंय, म्हणजे एका फेऱ्यात सोळा ठोके. पण ठोके इवलेसे असतात आणि त्यांचा जोर आपल्या दाबण्यावर अवलंबून असतो. विटेला ते पुरतात. हल्लीच्या उंच इमारतींत अॅल्युमिनियमचे साचे लावून अख्ख्या भिंतीच काँक्रीटच्या ओततात. तिथे हे मशीन नुसतं तापत राहतं आणि माणसाचे खांदे भरून येतात. अशा घरात रोटरी हॅमरच हवा. त्याच्या आत दट्ट्या हवा दाबून ठोका देतो, माणसाला जोर लावावा लागत नाही. सिपोरेक्सच्या ठोकळ्यांची भिंत असेल तर उलट हॅमर बंदच ठेवायचा. ती भिंत इतकी मऊ असते की ठोक्यांनी भोक ऐसपैस होतं आणि स्क्रू धरणारी गिट्टी आत गरगर फिरते.

आमचं मशीन भिंत कशी आहे ते बोलून दाखवतं. आधी भुकटी येते. एका पाकिटाची कड दुमडून भोकाच्या खाली चिकटपट्टीनं चिकटवायची. सगळी भुकटी त्यात पडते, जमीन खराब होत नाही आणि भिंतीच्या पोटातला हिशोब समोर राहतो. पहिल्यांदा पांढरी, तो रंग आणि पुट्टी. मग राखाडी, ते प्लॅस्टर. मग लाल भुकटी यायला लागली की जीव शांत होतो: वीट लागली. राखाडीच येत राहिली आणि आवाज चढत गेला तर पुढे खांब आहे. बिट अचानक दोन सुतं आत सटकलं तर दोन विटांमधला सांधा सापडला, तिथे गिट्टी नीट धरत नाही, भोक थोडं सरकवायला हवं. आणि कणभर चमकता धातूचा कीस दिसला तर हात तिथेच थांबवायचा. अठरा वर्षांत मला या घरानं जे सांगितलं नव्हतं ते या मशीननं एका महिन्यात सांगितलं. हॉलच्या उत्तरेच्या भिंतीत मधोमध खांब आहे, बाल्कनीचा दरवाजा कधीतरी एक फूट सरकवलेला आहे आणि त्या जागी वेगळ्याच, अधिक फिकट विटा आहेत.

न्हाणीघरात मात्र मी त्याचं ऐकलं नाही. टॉवेलचा दांडा लावताना टाइल पार केली, प्लॅस्टर गेलं आणि आवाज एकदम बदलला, मऊ झाला. मी थांबायला हवं होतं. जोर लावला आणि गिझरची पाइपलाइन फुटली. तीन टाइल्स फोडून ती दुरुस्त करावी लागली, खालच्या घरातल्या आजींच्या छताला ओल आली. त्या काही बोलल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. तेव्हापासून नळाच्या सरळ वर-खाली आणि स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली मी कधीही बिट टेकवत नाही. नळ्या आणि वायरी बहुतेक त्याच रेषेत उतरतात. मशीन नेणाऱ्या प्रत्येकाला ही रेषा मी भिंतीवर बोटानं काढून दाखवते. ओढणी काढून ठेव, केस बांध, चष्मा लाव आणि हातमोजे घालू नकोस, हेही सांगते. फिरतं बिट मोज्याचा धागा पकडतं आणि बोट ओढून नेतं.

या मशीनचं घराणं जुनं आहे. सुताराचा सामता दोरीनं फिरायचा, ताक घुसळताना रवी फिरते तसा, एकदा इकडे एकदा तिकडे. पुढे गिरमिट आलं. जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन कंपनीनं १८९५ साली हातात धरायचं विजेचं ड्रिल केलं, पण ते दोन्ही हातांनी छातीशी धरून चालवावं लागे. आज आपण जी पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखालचा घोडा गृहीत धरतो, त्याचं पेटंट ब्लॅक आणि डेकर या दोघा अमेरिकनांना १९१७ साली मिळालं. गिट्टीचा शोध त्याआधीचा, १९११ सालचा, लंडनचा. त्यापूर्वी भिंतीत छिन्नीनं खाच पाडून लाकडी गुटका ठोकायचे आणि त्यात स्क्रू पिळायचे. माझ्या माहेरच्या वाड्यात असे गुटके अजून आहेत.

तीन वर्षांपूर्वी हे मशीन मध्येच थांबलं. त्याच्या पाठीवरच्या फटींतून आधी निळ्या ठिणग्या जास्त दिसायला लागल्या होत्या, पाऊस पडण्यापूर्वीच्या विजेसारखा वास येत होता. गेलं, असं वाटून मी ते उराशी धरून वाइंडिंगवाल्याकडे नेलं. त्यानं दोन स्क्रू काढले, आतून बोटाच्या पेरापेक्षा लहान असे काळे तुकडे बाहेर काढले आणि म्हणाला, "कार्बन झिजलेत, बाकी तब्येत ठणठणीत." दहा मिनिटांत नवे कार्बन बसले. किती मशीनं एवढ्यासाठी भंगारात जात असतील, या विचारानं मला खरंच वाईट वाटतं.

भाच्यानं दिवाळीत १२ व्होल्टचं बॅटरीवालं मशीन आणलं. ते गुणी आहे. मानेवरच्या आकडेवाल्या कड्यामुळे स्क्रू बेतानं आवळतं, फर्निचर जोडायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण वर्षातून चार भोकं पाडणाऱ्या घरानं वायरवालंच घ्यावं असं माझं मत आहे. बॅटरी न वापरताही म्हातारी होते.

गच्चीवर मशीनचा स्वभाव बदलतो. रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादल्या मी कुंड्या म्हणून वापरते. बादली लाकडी फळीवर पालथी घालायची, हॅमर बंद, स्पीड अगदी कमी, ८ एमएमचं बिट. प्लास्टिकची कुरळी साल गोल गोल वर येते. पाच भोकं पुरतात. मातीची कुंडी रात्रभर पाण्यात भिजवून घेते. आधी ४, मग ६, मग १० असं टप्प्याटप्प्यानं गेलं तर ती तडकत नाही.

या वर्षी मे महिन्यात सासूबाईंची लोणच्याची बरणी खाली आणली. झाकण केव्हाच फुटलं होतं, काठाला टवका गेला होता. तिच्यात पुदिना लावायचं मनात होतं, पण तळाला भोक हवं. चिनीमातीला साधं बिट चालत नाही, हिऱ्याची कणी लावलेली नळी लागते. ती बोहरी आळीतूनच आणली. बरणी गोणपाटावर पालथी घातली, शेजारी ओला स्पंज ठेवला. आधी नळी तिरपी टेकवली, झिलईवर चंद्रकोरीसारखी खूण उमटली, मग हळूहळू सरळ केली. दर अर्ध्या मिनिटाला थांबून नळी आणि बरणी ओल्या स्पंजानं गार करत होते. मशीनला पाणी लागू दिलं नाही. सुरुवातीला तपकिरी लेप निघाला. मग फिकट, जवळजवळ साईच्या रंगाचा. वीस मिनिटं गेली. मी अजिबात दाबलं नाही. आवाज बारीक झाला, तेव्हा बोट सोडलं आणि नळी हातानं फिरवली. रुपयाएवढी चकती बरणीच्या आत पडली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला. गच्चीवर जाऊन पाहिलं तर दोन विटांवर ठेवलेल्या बरणीच्या खालून पाणी थेंब थेंब गळत होतं, मातकट रंगाचं, आणि वरची काठापर्यंतची माती नुसती ओली होती.