उजेडाची किंमत

आमच्या घरीं वडिलांचे रंगभूमीवरचे एकतीस फोटो आहेत, आणि त्यांपैकीं एकांतही वडील नीटसे दिसत नाहींत. कांहींत फ्लॅशच्या उजेडानें चेहरा पिठांत बुडवून काढल्यासारखा पांढरा झाला आहे. कांहींत रंगमंच एवढा दूर आहे कीं, पुढच्या रांगेंतल्या सद्‍गृहस्थांचीं टकलेंच नाटकाचीं मुख्य पात्रें वाटावीं. आणि उरलेल्यांत, म्हणजे गेल्या दहा-बारा वर्षांत मीं स्वतः काढलेल्या फोटोंत, अंगरखा, उपरणें आणि पगडी यांचा एक तांबूस धूर तेवढा उमटलेला आहे. त्यांतलाच एक आईनें चौकटींत बसवून देवघराशेजारीं लावला आहे. "हें काय आहे?" असें एखाद्या पाहुण्यानें विचारलें, म्हणजे ती मोठ्या अभिमानानें सांगते, "हे आमचे हे. भुजंगनाथाच्या भूमिकेंत."

वडील सांगलीकडचे हौशी नट. नोकरी सांभाळून जवळजवळ चाळीस वर्षें त्यांनीं तोंडाला रंग लावला. देवलांचें 'शारदा' हें १८९९ सालचें नाटक. त्यांतला म्हातारा नवरदेव भुजंगनाथ त्यांनीं प्रथम केला तेव्हां ते पस्तिशींत होते. पांढरे केंस चिकटवावे लागत, पाठ मुद्दाम वांकवावी लागे. गेल्या वर्षीं त्यांच्या मंडळींनीं तेंच नाटक पुन्हां एकदां, आणि बहुधा शेवटचेंच, करावयाचें ठरविलें, तेव्हां ते ७४ वर्षांचे होते. "या खेपेस टोपाचा खर्च वांचला," एवढेंच ते म्हणाले. मला मात्र त्याच क्षणीं एक नवा खर्च डोळ्यांपुढें दिसूं लागला.

माझ्यापाशीं निकॉनचा एक लहानसा डिजिटल कॅमेरा आहे. त्याच्या जोडीला ५५ पासून २०० मिलिमीटरपर्यंत मागेंपुढें होणारें एक हलकें, स्वस्त भिंग आहे. गॅलरीवरचा पोपट, सहलींत पाहिलेला किल्ल्याचा बुरूज, भाचीच्या शाळेंतली सकाळची कवाईत, हीं सारीं कामें तें इमानानें करतें. नाट्यगृहांत शिरलें कीं त्याची मति गुंग होते. त्याचें कारण इतकें साधें आहे कीं, तें समजावयास मला दहा वर्षें लागलीं याची आज लाज वाटते.

छायाचित्रकार ज्या भिंगाला 'फास्ट' म्हणतात तें कांहीं पळत नाहीं. भिंगाचें केंद्रांतर आणि उजेड आंत येण्याचें त्याचें तोंड यांचें जें गुणोत्तर, त्यावर हा सारा वेग अवलंबून असतो. माझें भिंग २०० मिलिमीटरवर नेलें कीं त्याचा आंकडा एफ ५.६ होतो. म्हणजे दोनशेंला पांच पूर्णांक सहा दशांशानें भागावें. सुमारें ३६ मिलिमीटर, एखाद्या बेताच्या पेढ्याएवढें तोंड. तेंच भिंग एफ २.८ चें असतें तर हें तोंड ७१ मिलिमीटर, म्हणजे आमटीच्या वाटीएवढें झालें असतें. व्यास दुप्पट, म्हणून क्षेत्रफळ चौपट, म्हणून उजेड चौपट. वर्तुळाचें क्षेत्रफळ शिकविणाऱ्या मास्तरांनीं पुढें याचा खिशाशीं संबंध येईल अशी सूचना आम्हांला दिली नव्हती! रंगमंचावर ज्या प्रकाशांत माझ्या पेढ्याला सेकंदाचा साठावा भाग उघडें राहावें लागतें, तेथें वाटीला अडीचशेंवा भाग पुरतो. आणि साठाव्या भागांत भुजंगनाथाचा हात उपरण्यापासून मिशीपर्यंत पुष्कळ प्रवास करून येतो.

यावर दोन उपाय सुचविणारे मित्र प्रत्येकाला असतात. एक म्हणतो, हल्लींच्या भिंगांत कंप आवरण्याची सोय असते. असते खरी, पण ती माझा हात कांपला तर उपयोगी, नटानें हात हालविला तर ती बिचारी काय करणार? दुसरा म्हणतो, कॅमेऱ्याची संवेदनक्षमता वाढवा. तीही मीं वाढवून पाहिली. एका मर्यादेपुढें वडिलांच्या चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे कण दिसूं लागतात, आणि मग धूर बरा कीं रवा बरा एवढाच प्रश्न उरतो.

तेव्हां वाटी हवी. पण या वाटीची किंमत! ७० ते २०० मिलिमीटरचें, सर्व केंद्रांतरांवर एफ २.८ कायम राखणारें नवें भिंग मोठ्या कंपनीचें घ्यावयाचें तर आज दोन लाखांच्या आसपास, आणि कांहींसाठीं त्याहूनही पुढें मोजावे लागतात. यांत नुसता लोभ आहे असेंही नाहीं. एवढ्या रुंद कांचेंतून येणारे तांबडे, हिरवे आणि निळे किरण एकाच ठिकाणीं आणावयाचे, तेही केंद्रांतर बदलत असतांना, म्हणजे खास जातीची कांच लागते आणि पंधरा-वीस भिंगें एका नळींत काटेकोर बसवावीं लागतात. वजन दीड किलोच्या घरांत जातें. स्थिर चित्रांच्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठीं पहिलें झूम भिंग १९५९ सालीं फोक्टलेंडर कंपनीनें 'झूमार' या नांवानें आणलें, तें ३६ ते ८२ मिलिमीटरचें आणि एफ २.८ चेंच होतें. तेव्हांपासून माणसाला हीच हाव सुटली आहे, असें म्हणून मीं आपलें समाधान करून घेतलें.

आमच्या घराचा जमाखर्च सौभाग्यवतीच्या हातीं आहे. तिनें वही उघडली आणि आंकडा सांगितला: चाळीस हजार. त्यापलीकडे पै नाहीं. मग महिनाभर मीं सकाळ-संध्याकाळ गणितें मांडलीं. टॅमरॉन, सिग्मा यांचीं नवीं भिंगें मोठ्या कंपन्यांहून पुष्कळ स्वस्त, तरीही माझ्या रकमेच्या दुपटीच्या पलीकडे. एफ ४ चें भिंग घ्यावें तर तें वजनानें जवळजवळ निम्में, वागवावयास सुखाचें, पण उजेडही निम्मा. आणि नवें घ्यावयाचें तर तेंही हाताबाहेर. ८५ मिलिमीटरचें, मागेंपुढें न होणारें एफ १.८ चें भिंग मात्र माझ्या ऐपतींत बसत होतें. तें एफ २.८ च्या जवळजवळ अडीचपट उजेड घेतें. शहाण्या माणसानें तेंच घेतलें असतें. परंतु त्यासाठीं दुसऱ्या रांगेंत बसावें लागतें, दुसरी रांग देणगीदारांची असते, आणि दर वाक्याला खट्ट असा आवाज करणारा इसम देणगीदारांच्या मांडीला मांडी लावून बसलेला मंडळाला खपत नाहीं. मला मागें, दहाव्या रांगेच्या कडेची जागा मिळणार होती.

"अहो, भाड्यानें नाहीं का मिळत?" एके दिवशीं भाजी निवडतांना सौभाग्यवतीनें विचारलें.

मिळतें. पुण्यांत अशीं भिंगें दिवसाच्या भाड्यानें सर्रास मिळतात. ऐन प्रयोगाच्या दिवशीं अनोळखी भिंग हातीं घेऊन चालत नाहीं, तालमींत सराव हवा, अशीं अनेक कारणें मीं तिला दिलीं. तीं खोटीं नव्हतीं. पण भिंग मला हवें होतें, माझें स्वतःचें, कपाटांत ठेवावयाला, हेंच खरें कारण होतें. आणि तिला तें कळलें असावें, कारण तिनें पुढें कांहीं न विचारतां शेंगा मोडावयास सुरुवात केली.

शेवटीं जुन्या भिंगांच्या वाटेस गेलों. मुंबईंत बोरीबंदराजवळच्या बोरा बाजारांत कॅमेऱ्याच्या दुकानांची दाटी आहे. तेथें एका दुकानांत मला हव्या त्या मापाचें भिंग एकदम समोर आलें; बाहेरून इतकें चकचकीत कीं मीं पैशाचें पाकीट जवळजवळ काढलेंच होतें. सुदैवानें एका जाणत्या स्नेह्यानें दिलेला सल्ला आठवला. मागच्या बाजूनें विजेरीचा झोत टाकून समोरून तिरकें पाहिलें, तों आंत कोळिष्टकासारखी नाजूक जाळी पसरलेली. "धूळ आहे साहेब, फोटोंत येत नाहीं," दुकानदार म्हणाला. ती बुरशी होती. कोंकणपट्टीच्या पावसाळी हवेंत बंद कपाटांत पडून राहिलेल्या भिंगाला ती हटकून धरते. कांचेवरचा लेप ती खाऊन टाकते; मग साफ केली तरी कांचेवर तिचा व्रण राहतो, आणि समोर दिवा आला कीं सारें चित्र दुधट होतें. नाटकांत तर दिवे समोरच असतात! मीं नमस्कार करून बाहेर पडलों.

तिसऱ्या दुकानांत मिळालें तें निकॉनचें ८०-२०० एफ २.८, दोन कड्यांचें, गेल्या शतकाच्या अखेरीचें. कडेचा काळा रंग उडून आंतलें पितळी अंग दिसत होतें, पण विजेरीच्या उजेडांत कांच विहिरीच्या पाण्यासारखी स्वच्छ. छिद्राचीं पातीं कोरडीं होतीं. दुकानाच्या भिंतीवर वर्तमानपत्राचें एक पान चिकटवून दोन्ही टोकांना फोटो काढले. जाहिरातींतलीं बारीक अक्षरें कोपऱ्यापर्यंत वाचतां आलीं. दुकानदार छत्तीस हजार म्हणाला, मी तीस म्हणालों, आणि बत्तीस हजारांवर दोघांनाही आपण फसलों असें वाटलें. म्हणजे सौदा रास्तच झाला असावा.

या भिंगांत एक गोम आहे, आणि तिच्यामुळेंच तें मला परवडलें. फोकस आपोआप फिरविणारी मोटर त्याच्या पोटांत नाहीं. ती कॅमेऱ्यांत असावी लागते, आणि माझ्या लहान कॅमेऱ्यांतही ती नाहीं. दोघेही एकमेकांच्या भरंवशावर! म्हणजे फोकस हातानें फिरवावयाचा. नेम बरोबर बसला कीं कॅमेऱ्याच्या डोळ्यांत एक हिरवा ठिपका तेवढा पेटतो. मीं दोन महिने त्या ठिपक्याची उपासना केली. खालीं लगोऱ्या खेळणारीं मुलें, दूधवाला, झाडावरची खार, सगळ्यांवर सराव केला. पहिल्या आठवड्यांत शंभरांत आठ फोटो साधत होते; प्रयोगाच्या सुमारास पन्नासाच्या पुढें गेले. सव्वा किलोहून अधिक वजनानें मनगट धरूं लागलें, तेव्हां एका पायाची काठी घेतली. तिचे पैसे वहींत 'किरकोळ' या सदराखालीं आहेत.

प्रयोगाच्या रात्रीं दहाव्या रांगेंतून पहिल्यांदाच मला माझे वडील रंगमंचावर दिसले. मी लहानपणापासून त्यांचीं नाटकें पाहत आलों, पण ते एवढे जवळून, घामाचे थेंब आणि रंगाखालच्या सुरकुत्या यांसकट, कधीं पाहिले नव्हते. दोन अंक झाले. हिरवा ठिपका पेटत होता, अडीचशेंव्या भागांत हात हातासारखा उमटत होता. तिसऱ्या अंकांत ते बोलतां बोलतां थांबले.

नाट्यगृहांतल्या कोणालाही कांहीं कळलें नाहीं. म्हातारा नवरदेव विचारांत पडला असें वाटून कोणींसें "वाहवा" म्हटलें. पण मी भिंगांतून पाहत होतों. त्यांच्या डोळ्यांतला भुजंगनाथ निघून गेला होता. तेथें माझे वडील होते आणि त्यांना पुढचें वाक्य आठवत नव्हतें. त्यांनीं मान किंचित वळवून विंगेकडे पाहिलें. त्या पाहण्यांत जी भीति होती ती मीं पूर्वीं त्यांच्या चेहऱ्यावर एकदांही पाहिली नव्हती. ठिपका पेटला आणि माझें बोट दाबलें गेलें. खट्ट! त्या शांततेंत तो आवाज मला तोफेसारखा वाटला. दुसऱ्याच क्षणीं विंगेंतून शब्द आला, त्यांनीं तो झेलला आणि नाटक पुढें गेलें.

घरीं येऊन फोटो संगणकावर घातले. चारशेंवर होते, आणि त्या सगळ्यांत हाच सर्वांत स्वच्छ होता. पापणीचा केंस न्‌ केंस मोजून घ्यावा. चाळीस वर्षें धूर होऊन राहिलेला माणूस अखेर स्पष्ट उमटला, तो नेमका या क्षणीं. मीं तो बाजूला काढून ठेवला. पुसून टाकण्यास हात होईना, आणि दाखविण्याचा धीर होईना. सौभाग्यवतीनें पाहिला, ती कांहीं बोलली नाहीं. पण झोंपण्यापूर्वीं म्हणाली, "उद्यां सकाळीं ते पाहायला बसतील हो."

बसलेच. चहाचा पेला हातांत घेऊन ते एकेक फोटो पाहत गेले. हा ठीक, हा पोट दिसतें आहे, ही पगडी कोणीं बांधली होती? सगळे संपल्यावर पेला खालीं ठेवून त्यांनीं विचारलें, "मी अडलों तेव्हांचा कोठें आहे?"

मी गप्प राहिलों.

"अरे, आवाज ऐकला ना मीं. दाखव."

मीं दाखविला. ते खुर्ची पुढें ओढून पुष्कळ वेळ पाहत राहिले. मग त्यांनीं बोट आपल्या चेहऱ्यावर न ठेवतां चित्राच्या अगदीं डाव्या कडेला ठेवलें. तेथें विंगेच्या काळोखांत, हातांतल्या पुस्तकावर पडलेल्या दिव्याच्या उजेडांत, पुढें झुकलेली एक आकृति होती. माझें तिकडे लक्षच गेलें नव्हतें.

"हा बघ. पंचवीस वर्षें आम्हांला शब्द देतो आहे. याचा एक फोटो नाहीं कोणाकडे."

"पुसट आहे, नाना," मी म्हणालों. भिंगाचें तोंड पुरतें उघडलें कीं फोकसचा पट्टा अरुंद होतो, त्याच्या मागचें सारें विरघळतें, असें कांहींसें मी समजावूं लागलों.

"असूं दे. ओळखूं येतो." ते उठले. "दोन प्रती काढ. एक मी त्याला नेऊन देतों. आणि कडा कापशील तर माझ्या बाजूची काप, त्याच्या बाजूची नको."