राहात्याच्या पेठेंत मोडकी किल्ली

शिर्डीहून दीड कोसावर, नगर-मनमाड रस्त्यावरील राहाता पेरूंच्या बागांकरितां प्रसिद्ध आहे. तेथें पेरू घेऊन परत निघतांना सायकलीच्या कुलपांत माझी किल्ली मोडली. मुठीचा तुकडा तेवढा हातीं राहिला. कोणी कुलूप कापण्याचा सल्ला दिला. किल्ल्या करणाऱ्या कारागिरानें मात्र प्रथम विचारिलें, “गाडी तुमचीच कशावरनं, बाबा?” मास्तरकीचा अभिमान किंचित् दुखावला, पण प्रश्न रास्तच होता! त्यानें पेन्सिलीच्या शिशाची पूड कुलपांत फुंकली (तेलानें म्हणे धूळ धरते), करवतीचें बारीक पातें किल्लीच्या कडेनें सरकविलें आणि दांत्यांत अडकवून तुकडा हळूहळू ओढून काढिला. मग माझ्या हातांतील मुठीशीं तो जुळवून पाहिला. दोन्ही तुकडे बरोबर बसले, तेव्हां कुठें त्यानें नवी किल्ली घासावयास घेतली.