पॅनेलच्या या बाजूला

कॅम्पसमधून नोकरी लागली नाही, की आमच्या बार्शीकडची इंजिनिअर पोरं पुण्याची वाट धरतात. मीही तेच केलं. कर्वेनगरला कॉट बेसिसवर जागा, मेसचा डबा, सकाळी जावाचा क्लास आणि शनिवारी कुठे ना कुठे वॉक-इन.

हिंजवडीच्या फेज टूमधल्या एका मोठ्या कंपनीतला वॉक-इन मी विसरू शकत नाही. नऊची वेळ होती आणि आठलाच रांग गेटच्या बाहेर आलेली. वॉचमनने आधार कार्ड बघून फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवला. आत पहिली चाळणी कागदांची: दहावी, बारावी, डिग्री, तिन्हीकडे किमान ६० टक्के. माझ्या पुढचा मुलगा नांदेडहून रात्रभर प्रवास करून आला होता. बारावीला ५९. त्याची फाइल न उघडताच त्याला परत पाठवलं. ही अट जाहिरातीत नव्हती. चार वर्षं अभ्यास करून मिळवलेली डिग्री एका टक्क्याने पुसली जावी, याचा मला आजही संताप येतो. अट असेल तर ती आधी लिहा. माणसाचा प्रवास तरी वाचेल.

मग अ‍ॅप्टिट्यूड झाली, निकाल लागला आणि वाट बघणं सुरू झालं. जेवायला बाहेर गेलं तर नंबर पुकारला जाईल, या धास्तीने कुणी जागचं हललं नाही. संध्याकाळी माझा नंबर लागला. समोरच्या सरांची नजर सगळा वेळ स्वतःच्या लॅपटॉपवर. स्वतःबद्दल सांगा, प्रोजेक्ट कोणता, बस. ‘कळवू’ म्हणाले. कळवलं नाही. मी मेल केली, फोन केला, कुठूनच उत्तर आलं नाही.

बाणेरच्या एका लहान कंपनीत मात्र मुलाखत कशी घ्यावी ते बघायला मिळालं. दोघेजण होते. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला आणि एसक्यूएलचा नेहमीचाच प्रश्न घातला: कर्मचाऱ्यांच्या टेबलमधून दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढा. हे सगळ्यांना पाठ असतं. सगळ्यात मोठा पगार काढायचा, मग त्याहून कमी असलेल्यांतला मोठा. मी क्वेरी लिहिली. ती वाचून सरांनी विचारलं, ‘‘आणि सगळ्यांचा पगार सारखाच असेल तर?’’

उत्तर डोक्यात होतं, पण इंग्रजीत वाक्य जुळेना. माझी चलबिचल बघून ते म्हणाले, ‘‘मराठीत सांगा, चालेल.’’ मग मी सांगितलं, ‘‘सर, त्याहून कमी पगाराचं कुणीच उरणार नाही, त्यामुळे मॅक्सला एकही ओळ मिळणार नाही आणि उत्तर नल येईल.’’ त्यांनी मान हलवली आणि पुढे नेलं: सातवा पगार हवा असेल तर? रँक आणि डेन्स रँकमध्ये फरक काय? मी कागदावर आकडे मांडले. पहिल्या क्रमांकावर दोघं असतील तर रँक पुढच्याला एकदम तिसरा नंबर देते, डेन्स रँक त्याला दुसराच ठेवते. मग जावातलं मल्टिथ्रेडिंग निघालं. तिथे मी कच्ची होते आणि ते त्यांना लगेच कळलं. तरी कुणी घाई केली नाही, की आवाज चढवला नाही.

एचआर मॅडमनी पगाराचंही नीट समजावलं. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफही धरलेला असतो, त्यामुळे हातात किती येणार ते वेगळं विचारायचं, हे मला त्यांच्याकडून कळलं. फ्रेशर्सना हे कुणी सांगत नाही.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. निवड झाली नव्हती. ‘‘डेटाबेस चांगला आहे, थ्रेड्स आणि सिंक्रोनायझेशन पक्कं करा,’’ म्हणाल्या. मला वाईट वाटलं, पण त्या रात्री काय वाचायचं ते ठरलं. पुढे जिथे नोकरी लागली, तिथल्या मुलाखतीत पहिला प्रश्न थ्रेड्सवरच होता.

पॅनेलवर बसणाऱ्या सगळ्यांना माझी एवढीच विनंती आहे: ज्याला घ्यायचं नाही त्यालाही तसं कळवा. दोन ओळींची मेल पुरते. ती आली नाही, की मुलगी पुढच्या महिन्याचं कॉटचं भाडं भरायचं की गावी परतायचं, हे ठरवू शकत नाही आणि तिचे आईवडील रोज फोन करून विचारत राहतात.